ट्रकच्या चासीला पट्टी मारली की ट्रक मजबूत होतो का?

गळीत हंगाम तोंडावर आला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या गॅरेजांमध्ये ठरावीक कामं वाढतात. कमानपाटे बदलायचे, हौद्याचे फाळके सरळ करायचे, टायर अदलून-बदलून लावायचे आणि चासीला ‘पट्टी मारून’ घ्यायची. यातलं शेवटचं काम सगळ्यात कमी गाजावाजात होतं. एक मिस्त्री, एक वेल्डिंग मशीन, लोखंडाच्या दुकानातून आणलेली जाड पट्टी आणि फार तर एक दिवस. वरून रंगाचा हात फिरला की काही केलंय हे कळतही नाही.

पट्टी मारायची कारणं दोन. चासीला तडा गेलेला असतो, म्हणून. किंवा अजून गेलेला नसतो, पण यंदा खेपा जड भरायच्या असतात, म्हणून. पहिलं कारण दुरुस्तीचं आहे आणि नीट केली तर ही दुरुस्ती शक्य असते. दुसरं कारण मात्र एका गैरसमजावर उभं आहे. लोखंड वाढवलं की ट्रकची ताकद वाढते, असा हा गैरसमज. प्रत्यक्षात चुकीची पट्टी चासीला आधी होती त्यापेक्षा कमकुवत करते, आणि बरोबर मारलेली पट्टीसुद्धा ट्रकचं मंजूर वजन एक किलोनेही वाढवत नाही.

शिडी वाकण्यासाठीच बनवलेली असते

ट्रकची चासी म्हणजे आडवी ठेवलेली शिडी. दोन लांब चॅनेल पुढून मागे जातात, त्यांना लाँग मेंबर म्हणतात. त्यांना जोडणाऱ्या आडव्या पायऱ्या म्हणजे क्रॉस मेंबर. इंजिन, केबिन, डिझेल टाकी, कमानपाट्यांचे ब्रॅकेट आणि वरचा हौदा, सगळं याच शिडीला टांगलेलं किंवा तिच्यावर ठेवलेलं असतं.

लाँग मेंबरचा आकार इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा असतो. उभी बाजू उंच, आणि तिच्या वर-खाली दोन आडव्या कडा. या कडांना फ्लँज म्हणतात. हौदा भरला की दोन्ही चाकांच्या मधला भाग खाली झुकू पाहतो. तेव्हा वरचा फ्लँज दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. उभ्या बाजूच्या मध्यावर मात्र ताण जवळजवळ शून्य असतो. चासीच्या कामाचे निम्मे नियम या एका गोष्टीतून निघतात. फ्लँजला भोक पाडायचं नाही, त्याची कड कापायची नाही, त्यावर आडवा वेल्ड मारायचा नाही. ब्रॅकेट लावायचाच असेल तर भोक उभ्या बाजूला, फ्लँजपासून दूर.

शाळेतली प्लास्टिकची पट्टी हातात घेतली तर हे पटकन कळतं. आडवी धरून दाबली तर ती सहज वाकते, उभी धरली तर हलतही नाही. ३ सेंटीमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड पट्टी उभी धरली की आडवीपेक्षा १०० पट कडक असते. प्लास्टिक तेवढंच, आकारही तोच, फक्त उंची वाढली. चॅनेलची उंची राखणं म्हणूनच जाडी वाढवण्यापेक्षा महत्त्वाचं. फ्लँजमध्ये खाच पाडून वर ८ मिलिमीटरची पट्टी चिकटवणं म्हणजे शंभराची नोट देऊन दहाची घेण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट पिळाची. महामार्गावर धावताना चासी मुख्यतः वाकते. उसाच्या फडात ती पिळली जाते. कृष्णाकाठची काळी जमीन, पाणी दिल्यानंतर मऊ पडलेली पाणंद, मधेच आडवा पाट. ट्रकचं पुढचं डावं चाक खड्ड्यात आणि मागचं उजवं बांधावर असेल तर शिडी ओल्या कापडासारखी पिळते. ‘सी’ आकाराचं उघडं चॅनेल अशा वेळी मुद्दाम पीळ घेऊ देतं. चारही चाकं जमिनीला टेकून राहावीत यासाठी कमानपाट्यांच्या जोडीला चासीचा हा लवचीकपणा हिशेबात धरलेला असतो. तो दोष नव्हे.

इथेच गॅरेजमधली एक लोकप्रिय युक्ती फसते. चॅनेलच्या उघड्या बाजूला पट्टी वेल्ड करून त्याचा बंद डबा करायचा. हाताला ते भक्कम लागतं, आणि पिळाच्या बाबतीत तो तुकडा खरोखरच कित्येक पट कडक होतो. पण रस्ता द्यायचा तो पीळ देतोच. डबा झालेला भाग पीळ घेईनासा झाला की तो शेजारच्या भागाला सोसावा लागतो. डबा जिथे संपतो तिथे, किंवा क्रॉस मेंबरच्या सांध्यावर, काही महिन्यांत नवा तडा दिसतो. मग तिथे आणखी एक पट्टी. काही जुन्या ट्रकांच्या चासीवर अशा तीन-तीन पट्ट्या एकापुढे एक दिसतात. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीने पाडलेल्या तड्यावर मारलेली.

तडा बहुधा पट्टीच्या टोकाला का पडतो?

पट्टीखाली चासी जाड असते आणि पट्टी संपते तिथे एकदम मूळ जाडीवर येते. सरळ, चौकोनी कापलेल्या टोकापाशी हा बदल एका रेषेत होतो आणि ताण नेमका त्या रेषेवर गोळा होतो. त्याच रेषेवर आडवा वेल्ड असेल तर वेल्डच्या उष्णतेने तिथलं पोलादही बदललेलं असतं. कागद फाडण्याआधी घडी घालून नखाने रेघ ओढावी, तसा हा प्रकार आहे.

म्हणून पट्टीची टोकं तिरकी किंवा माशाच्या शेपटीसारखी कापतात, म्हणजे जाडी हळूहळू कमी होत जाते. टोकाला आडवा वेल्ड घेत नाहीत. पट्टी चासीपेक्षा जाड वापरत नाहीत. कमानपाट्याचा ब्रॅकेट, क्रॉस मेंबर किंवा हौद्याच्या सब-फ्रेमचं टोक जिथे आहे, नेमकं तिथेच पट्टी संपू देत नाहीत. ती त्या जागेच्या पलीकडे, कमी ताणाच्या भागापर्यंत नेतात. आणि फक्त उभ्या बाजूवर सपाट पट्टी लावण्यापेक्षा खालच्या फ्लँजलाही धरून ठेवणारी ‘एल’ आकाराची पट्टी किंवा आत बसणारं चॅनेल जास्त उपयोगी पडतं, कारण ताण तिथे असतो.

थकव्याचा हिशेब इथे समजून घ्यायला हवा. पोलाद एका झटक्यात क्वचितच तुटतं. लाखो वेळा थोडं थोडं वाकून ते थकतं. वेल्ड केलेल्या जोडांसाठी अभियांत्रिकीत ढोबळ नियम असा, की ताण जितका वाढेल त्याच्या घनाच्या प्रमाणात आयुष्य घटतं. ताण २५ टक्के वाढला तर आयुष्य जवळपास निम्मं होतं. ‘थोडंच जास्त भरलंय’ यातलं ‘थोडं’ इतकं महाग असतं, आणि त्याची किंमत त्या खेपेला दिसत नाही. पुढच्या हंगामात दिसते.

पोलाद कुठलं आणि वेल्डिंग कसं?

दुकानात मिळणारं साधं एमएस चॅनेल किंवा प्लेट बहुधा २५० मेगापास्कलपर्यंतचा ताण सोसते, त्यापुढे कायमची वाकते. मध्यम आणि जड ट्रकांच्या लाँग मेंबरसाठी वापरलं जाणारं पोलाद साधारण ४०० ते ५०० मेगापास्कलच्या घरातलं असतं. अमेरिकी बनावटीच्या अनेक जड ट्रकांच्या चासी तर उष्णता देऊन कडक केलेल्या असतात आणि त्यांची ताकद ७५० मेगापास्कलच्याही वर जाते. तिथे फ्लँजवर वेल्डिंग न करण्याचा इशारा चासीवरच चिकटवलेला असतो. साधी पट्टी कितीही जाड घेतली तरी ती मूळ पोलादाची बरोबरी करत नाही. उलट ती आधी वाकते आणि भार पुन्हा चासीवर येतो. पट्टी शक्यतो मूळ दर्जाच्या पोलादाची घ्यावी, आणि तो दर्जा कुठला हे वाहन कंपनीच्या बॉडी बिल्डरसाठीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. कराड, सांगली, मिरजेच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ती मागता येते. मागणारे फार थोडे असतात, हा भाग वेगळा.

वेल्डिंगच्या रॉडचंही तसंच. फॅब्रिकेशनच्या दुकानात सर्रास चालणारा रॉड ६०१३. तो गेट-ग्रीलसाठी छान. चासीसाठी लो-हायड्रोजन प्रकारचा, म्हणजे ७०१८ किंवा कंपनी सांगेल तो रॉड लागतो. हा रॉड हवेतली ओल पटकन धरतो. ओल्या रॉडमधला हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, आतून बारीक तडा पाडतो. पाकीट फोडल्यानंतर रॉड भट्टीत तापवून वाळवावे लागतात, साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सियसला. पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये आठवडाभर पडलेल्या ७०१८ चा ६०१३ पेक्षा फार उपयोग नाही.

तडा दुरुस्त करण्याचा क्रम ठरलेला आहे आणि त्यात घाई चालत नाही. आधी तड्याचं खरं टोक शोधायचं. डोळ्यांना दिसतं त्याच्या पुढे तो बहुधा गेलेला असतो. लाल रंग आणि पांढरी पावडर फवारून तडा दाखवणारे स्प्रे मिळतात, ते या कामाला उत्तम. टोकाला लहान भोक पाडलं की तडा पुढे सरकायचा थांबतो. मग तड्याच्या पूर्ण लांबीवर ग्राइंडरने ‘व्ही’ आकाराची खाच करून वेल्ड तळापर्यंत भरायचा, मागच्या बाजूने साफ करून तिकडूनही भरायचा, आणि शेवटी घासून चासीच्या पातळीत आणायचा. घासण्याच्या रेघा चासीच्या लांबीच्या दिशेने हव्यात. आडव्या रेघासुद्धा पुढे तड्याची सुरुवात ठरू शकतात. गरम वेल्डवर पाणी ओतायचं नाही. एवढं झाल्यावरच पट्टी. न भरलेल्या तड्यावर वरून पट्टी झाकणं ही दुरुस्ती नसते, तडा लपवणं असतं. दुर्दैवाने सेकंड-हँड ट्रकांच्या बाजारात तेच जास्त चालतं.

२०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ मानकं लागू झाली आणि ट्रकांमध्ये सेन्सर आणि कंट्रोल युनिटची संख्या वाढली. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या दोन्ही तारा काढणं आणि कंपनीने सांगितलेले कनेक्टर सोडवणं आता टाळता येत नाही. अर्थची पकड वेल्डच्या अगदी जवळ, साफ केलेल्या लोखंडावर हवी. ती कमानपाट्याला किंवा प्रॉपेलर शाफ्टला लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगला बारीक खड्डे पडतात. ब्रेकचे प्लास्टिकचे पाइप, वायरिंग आणि डिझेल टाकी बाजूला काढूनच ठिणगी पाडायची. सीएनजीची गाडी असेल तर हे काम कोपऱ्यावरच्या वेल्डरचं नव्हेच.

अनेक ठिकाणी वेल्डपेक्षा बोल्ट बरा. कंपनीतून आलेल्या चासीचे बहुतेक सांधे रिव्हेट किंवा बोल्टचे असतात, त्यामागे कारण आहे. बोल्टच्या सांध्यात मूळ पोलाद तापत नाही. मात्र बोल्ट ८.८ किंवा १०.९ दर्जाचा हवा, हे आकडे त्याच्या डोक्यावर कोरलेले असतात. भोक त्याच्या मापाचं आणि घासून गुळगुळीत केलेलं हवं. गॅस कटरने पाडलेलं भोक बाद. दोन भोकांमध्ये साधारण भोकाच्या व्यासाच्या तिप्पट अंतर ठेवतात. ढिला झालेला रिव्हेट वेल्डचा टिपका मारून घट्ट करणं हा आणखी एक प्रचलित उपाय. तो रिव्हेटलाही बिघडवतो आणि चासीलाही. रिव्हेट काढून तिथे मापात बसणारा बोल्ट घालणं हेच योग्य.

चासी वाकडी झाली असेल तर?

फडातून निघत नसलेल्या ट्रकला दोन ट्रॅक्टर लावून ओढतात. दोर कुठे बांधला यावर बरंच ठरतं. एकाच कोपऱ्याला बांधला आणि ट्रक भरलेला असेल, तर एक लाँग मेंबर दुसऱ्याच्या पुढे सरकू शकतो आणि शिडीचा आयत समांतरभुज होतो. असा ट्रक रस्त्यावर तिरका चालतो. मागून पाहणाऱ्याला पुढची आणि मागची चाकं एका रेषेत दिसत नाहीत, टायर एका बाजूने झिजतात.

हे तपासायला संगणक लागत नाही. सपाट फरशीवर ट्रक उभा करायचा, चासीवरच्या एकमेकांसमोरच्या सारख्या भोकांतून ओळंबा सोडायचा, खाली खडूने खूण करायची. ट्रक बाजूला घेतला की फरशीवर चासीचा नकाशा तयार असतो. मग कर्ण मोजायचे. चौकोनाचे दोन्ही कर्ण सारखे भरले तर चासी चौरस आहे. काही मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर आधी चासी सरळ करायची, नंतर पट्टीचं बोलायचं. वाकड्या चासीला पट्टी मारली की वाकडेपणा कायमचा होतो.

सरळ करायची ती जॅक आणि प्रेसने, थंड अवस्थेत. गॅसने लाल करून वाकवलेली चासी दिसायला सरळ होते, पण तापवलेल्या जागी मूळची ताकद राहत नाही.

हौदा बसवतानाच निम्मा प्रश्न सुटतो

पट्टी मारायची वेळ का येते, याचं उत्तर बऱ्याचदा हौद्यात सापडतं. हौदा थेट चासीवर वेल्ड केला तर शिडी पिळायचं बंद होते आणि सांधे तुटतात. म्हणून मधे सब-फ्रेम असते. तिच्या आणि चासीच्या मध्ये पूर्वापार लाकडी पट्टी किंवा रबर घालतात आणि यू-बोल्टने आवळतात. पुढच्या बाजूचे बांध थोडी हालचाल होऊ देणारे, मागच्या बाजूचे पक्के, अशी साधारण रचना असते. सब-फ्रेमचं पुढचं टोक केबिनच्या मागे सरळ कापून संपवलं तर चासीला नेमका तिथेच तडा जातो. ते टोकही तिरकं हवं.

यू-बोल्ट आवळताना चॅनेलचे फ्लँज आत दबू नयेत म्हणून चॅनेलच्या आत उभा आधार घालतात. हा आधार नाही म्हणून दबलेले फ्लँज जुन्या ट्रकांत सर्रास दिसतात. यू-बोल्ट सरकू नये म्हणून फ्लँजला खाच पाडणारे तर हमखास तडा विकत घेतात.

टँकर सर्वात अवघड. मळी वाहून नेणाऱ्या टँकरची गोल टाकी पिळायला अजिबात तयार नसते, त्यामुळे ती स्प्रिंग किंवा रबर असलेल्या आधारांवर बसवावी लागते. उसाचा ट्रक टँकर करायचा असेल तर पट्टी नव्हे, बसवण्याची पद्धत बदलावी लागते. आणि परवानगी घ्यावी लागते.

कायदा दुरुस्ती आणि बदल यांत फरक करतो

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रावरचा तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या के. जयचंद्र प्रकरणात याच कलमाचा अर्थ कडकपणे लावला. तडा भरून चासी मूळ स्थितीत आणणं ही दुरुस्ती. व्हीलबेस वाढवणं, मागे चासी जोडून हौदा लांबवणं, तिसरा अॅक्सल घालणं, ट्रकचा टँकर किंवा टिपर करणं हे बदल. ते आधी नोंदणी प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे सातारा (एमएच-११), कराड (एमएच-५०) किंवा सांगली (एमएच-१०) इथल्या परिवहन कार्यालयाकडे न्यावे लागतात. मान्यता मिळून बदल झाला की १४ दिवसांत तो कळवून आरसी बुकात नोंद करून घ्यायची. ट्रकवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीची लेखी संमतीही लागते.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२-अ मालकालाच धरतं. बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

मागे हौदा लांबवण्याचा मोह उसाच्या ट्रकांत मोठा असतो, कारण ऊस हलका आणि फुगीर माल, जागा आधी संपते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९३ नुसार मागच्या बाजूला बाहेर येणारा भाग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. याला फक्त कागदी नियम समजू नये. मागचा भाग लांबला की तो तराजूच्या दांडीसारखा पुढचा अॅक्सल उचलतो. घाट चढताना स्टिअरिंग हलकं लागायला लागतं ते यामुळे.

ट्रकच्या बॉडीसाठी एआयएस-०९३ हे मानक आहे, आणि नमुन्यांची चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय आणि सीआयआरटी या दोन्ही पुण्यातच आहेत. एखादा बॉडी बिल्डर ‘सगळं मंजूर आहे’ म्हणत असेल तर मान्यतेचा कागद दाखवायला सांगणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे.

चासी नंबरबद्दल एक व्यावहारिक सूचना. तो लाँग मेंबरवर ठोकलेला असतो आणि पासिंगला त्याची पेन्सिलने छाप घेतली जाते. पट्टीखाली झाकलेला, ग्राइंडरने घासलेला किंवा कापून पुन्हा जोडलेला नंबर म्हणजे चोरीच्या गाडीचा संशय. काम सुरू करण्याआधी त्या जागेचा फोटो काढून ठेवणं आणि मिस्त्रीला ती जागा रंगाने खूण करून दाखवणं, एवढं केलं तरी पुढचे बरेच हेलपाटे वाचतात.

मग जास्त वजन?

जुलै २०१८ मध्ये केंद्राने अॅक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. दोन अॅक्सलच्या ट्रकचं एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन, तीन अॅक्सलचं २५ वरून २८.५ टन झालं. यात ट्रकचं स्वतःचं वजन धरलेलं असतं. एखाद्या ट्रकला किती चालेल हे मात्र त्याच्या आरसी बुकातला आकडा ठरवतो. जादा वजनाला कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंडाची तरतूद आहे, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवू देऊ नये असंही कायदा म्हणतो. ऊस वाहतुकीत दर टनावर मिळतो, त्यामुळे हा दंड खेपांच्या हिशेबात विरघळवण्याची सवय पडलेली आहे.

पट्टी मारून हिशेब बदलत नाही, उलटा होतो. ४ मीटर लांब, २५ सेंटीमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर जाड अशा दोन पट्ट्यांचं वजन सव्वाशे किलो भरतं. ट्रकचं रिकामं वजन तेवढ्याने वाढतं, म्हणजे कायदेशीर माल तेवढ्याने घटतो. वर टायर, ब्रेक, अॅक्सल, व्हील बेअरिंग, कमानपाटे सगळं जुनंच. १८.५ टनांचा ट्रक २४ टन भरून घाट उतरला तर ब्रेकना सुमारे ३० टक्के जास्त उष्णता झेलावी लागते. कराडहून पाटणमार्गे चिपळूणला उतरणारा कुंभार्ली घाट असो की साखरेची पोती घेऊन पुण्याकडे जाताना लागणारा खंबाटकी, तापलेले ब्रेक चासी किती जाड आहे हे विचारत नाहीत. कमकुवत चासी निदान करकरून, हौदा वाकडा करून आधी सांगते. चासी कडक केली की ती सूचना बंद होते आणि पुढचा कच्चा दुवा ब्रेक किंवा अॅक्सल ठरतो, तोही चालत्या गाडीत.

विम्याचाही मुद्दा आहे. अपघातानंतर सर्वेक्षक चासी पाहतो. नोंद नसलेला बदल आढळला तर ट्रकच्या नुकसानभरपाईवर वाद होऊ शकतो, आणि तो वाद मालकाला एकट्याला लढावा लागतो. मिस्त्रीने बिल दिलेलंच नसतं.

तडा वेळेत कसा दिसतो?

धुतलेल्या चासीवर. फडाचा चिखल आणि उसाच्या रसाचा चिकट थर तडाही झाकतो आणि ओलही धरून ठेवतो. पट्टी आणि चासी यांच्या मध्ये ही ओल शिरली की गंज पापुद्र्यांसारखा फुगतो आणि बोल्ट ताणले जातात. म्हणून पट्टी बसवण्याआधी दोन्ही पृष्ठभागांवर प्रायमर आणि बसवल्यानंतर कडा बंद करणं गरजेचं असतं.

जागा ठरलेल्या आहेत. केबिनच्या लगेच मागे, मागच्या कमानपाट्यांच्या पुढच्या ब्रॅकेटपाशी, क्रॉस मेंबरच्या सांध्यांवर आणि प्रत्येक जुन्या पट्टीच्या दोन्ही टोकांना. रंगावर केसासारखी रेघ आणि तिच्यातून ओघळलेला तांबूस गंज दिसला तर तो तडाच समजायचा. रिव्हेटभोवती काळं वर्तुळ असेल तर तो हलतो आहे. केबिनचं दार अचानक घासायला लागलं, तर बिजागरीकडे जाण्याआधी चासीखाली वाकून पाहावं.

नव्या ट्रकचं योग्यता प्रमाणपत्र दोन वर्षांसाठी असतं, आठ वर्षांपर्यंत नूतनीकरण दोन-दोन वर्षांचं आणि त्यानंतर दरवर्षी. उसाचा ट्रक मात्र एका हंगामातच फडातल्या पाणंदींवर शेकडो वेळा पिळला जातो, त्यामुळे पासिंगची वाट पाहून चालत नाही. दुरुस्त केलेल्या चासीचे बोल्ट पहिल्या काही भरलेल्या खेपांनंतर टॉर्क पान्याने पुन्हा आवळायचे आणि पट्टीची टोकं दर पंधरवड्याला कपड्याने पुसून, बॅटरीच्या उजेडात बघायची. वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत कारखान्याच्या आवारात तासन् तास थांबावं लागतंच. त्यातली दहा मिनिटं या कामाला पुरतात.